शेफिल्डची हिवाळी बोल्डरिंग लीग: अख्खा मोसम खेळल्यानंतर

ऑक्टोबर ते मार्च असा पूर्ण मोसम इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या एका इनडोअर क्लाइंबिंग सेंटरच्या लीगमध्ये खेळून झाला. सुरुवातीला जे भारी वाटलं होतं त्यातलं काय टिकलं आणि काय खटकत राहिलं, हे आता नीट सांगता येईल. आधीच सांगून टाकते: चढाई कधीच केली नसेल आणि गावात ओळखी नसतील, तर कोर्स शोधत बसण्याआधी अशा लीगमध्ये नाव घाला.

बोल्डरिंगमध्ये दोर नसतो, हार्नेस नसतो. साधारण चार-साडेचार मीटर उंच भिंत आणि खाली जमिनीभर जाड मॅट. एका चढाईला ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. ठरवून दिलेल्या होल्डवरून, म्हणजे भिंतीवर बसवलेल्या पकडीवरून, सुरू करायचं आणि शेवटचा होल्ड दोन्ही हातांनी पक्का धरला की टॉप. पहिल्यांदा जाताना फॉर्म भरावा लागतो. दुखापतीचा, अगदी मृत्यूचाही धोका या खेळात आहे, अशा अर्थाचं ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिलचं निवेदन इथल्या भिंतींवर लावलेलं असतं. ते वाचून आईने फोनवर “अगं, कशाला नसत्या उठाठेवी?” असं विचारलं होतं. तो फॉर्म सहीपुरता उरकू नका. पडायचं कसं ते तिथेच शिकून घ्या: दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, मागे लोळण घ्यायची आणि हात छातीशी ठेवायचे. मागे हात टेकून पडणाऱ्यांची मनगटं आणि कोपरं दुखावतात.

लीगची पद्धत साधी आहे. दर महिन्याला सेटर मंडळी 25 नवे प्रॉब्लेम लावतात. ते दोन-तीन आठवडे भिंतीवर असतात आणि तुम्ही आपल्या सोयीने कधीही जाऊन चढायचं. पहिल्याच प्रयत्नात टॉप झाला, म्हणजे फ्लॅश, की 10 गुण. दुसऱ्यात 7, तिसऱ्यात 4, त्यानंतर कितीही वेळा पडून जमलं तरी 1. कार्ड स्वतःच भरायचं, पंच कोणी नाही. महिनाअखेरीस एक संध्याकाळ सगळे एकत्र येतात. तेव्हा खाणंपिणं, निकाल आणि उरलेल्या प्रॉब्लेमवर शेवटची झटापट.

माझ्या मते सगळी गंमत या गुणांच्या रचनेत आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, 2024 ला, बोल्डरच्या एका टॉपला 25 गुण होते आणि फुकट गेलेल्या प्रत्येक प्रयत्नामागे 0.1 गुण कापला जायचा. वर घड्याळ चालू, आणि इतर खेळाडू कसे चढतात ते पाहायला मिळू नये म्हणून सगळ्यांना वेगळं ठेवलेलं. लीगमध्ये बरोबर उलटं आहे. पहिल्या प्रयत्नाला एवढी किंमत असल्यामुळे कोणी थेट भिंतीला भिडत नाही. आधी खाली बसून पाहायचं, दुसरा कसा चढतो ते बघायचं आणि सरळ विचारायचं, “इथे डावा पाय कुठे ठेवलास?” ही माहिती म्हणजे बीटा. बीटा विचारून एका दमात चढलात तरी तो फ्लॅशच, गुण पूर्ण. त्यामुळे अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त शोधावं लागत नाही. परक्या देशात कामावरून घरी आणि घरून कामावर असं आयुष्य असलेल्या माणसाला हे केवढं मोठं आहे, ते ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट, लीगच्या प्रॉब्लेमना ग्रेड लिहिलेली नसते, नुसते नंबर असतात, तेही चढत्या क्रमाने नाहीत. एरवी भिंतीवर रंगावरून अवघडपणा कळतो, आणि ‘हा आपला रंग नाही’ म्हणून नवखे पुढे निघून जातात. इथे सात नंबर सोपा निघतो, आठ नंबर दोन मुव्हमध्ये खाली टाकतो. करून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून सगळेच करून पाहतात.

जानेवारीतला एक स्लॅब सांगते. स्लॅब म्हणजे आपल्यापासून मागे झुकलेली भिंत; ताकदीपेक्षा पायांवरच्या भरवशाचं काम. शेवटचा होल्ड हातभर दूर, हाताला धरायला काही नाही आणि उजव्या पायाखाली बोटाएवढी जाड लाकडी कड. मी प्रत्येक वेळी वर जाताना टाच उचलत होते आणि पाय सटकत होता. सत्तरीच्या आसपासच्या एक निवृत्त बाई शेजारी बूट घालत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, टाच खाली सोड, कंबर भिंतीकडे आण, मग उभी राहा, हात शेवटी. टाच खाली गेल्यावर रबराचा जास्त भाग कडेवर बसला, वजन थेट पायात उतरलं आणि मी सावकाश उभी राहिले. कार्डावर एकच गुण पडला. पण पावलाचं ते तंत्र मोसमभर प्रत्येक भिंतीवर उपयोगी आलं. त्या बाई दर महिन्याला माझ्या पुढे असतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

आता खटकलेलं. माझी उंची पाच फूट एक इंच. काही महिन्यांत असे प्रॉब्लेम होते जिथे उंच माणूस नुसता हात लांबवतो आणि बुटक्या माणसाला उडीच मारावी लागते, मधे पायाला काहीच नाही. एखाददुसरा असला तर हरकत नाही, पण सोप्या म्हणून लावलेल्या प्रॉब्लेममध्ये हे नको. आम्ही काहीजणींनी काउंटरवर लेखी कळवलं. पुढच्या सेटमध्ये फरक दिसला, मार्चमध्ये पुन्हा तेच. निकालाच्या संध्याकाळी गर्दीही आवाक्याबाहेर जाते. मॅटवर बसलेली माणसं आणि वरून पडणारी माणसं एकाच जागी, हे धोक्याचं आहे. पडायच्या जागेत कोणी थांबणार नाही, याकडे लक्ष द्यायला त्या दिवशी एक माणूस खास नेमायलाच हवा. नवख्यांचा वेगळा गट आहे, पण त्यात कोणी यायचं ते स्वतःच ठरवायचं असल्यामुळे चांगले मुरलेले चढाईपटूही तिथे येऊन बसतात. हे मला पटत नाही.

शरीराचं म्हणाल तर स्नायू लवकर तयार होतात, बोटांच्या कंडरांना आणि सांध्यांच्या बंधांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून पहिले काही महिने बारीक क्रिम्पवर, म्हणजे बोटांच्या टोकांनीच धरता येणाऱ्या कडांवर, लटकून हट्ट करू नका, गुण गेले तरी चालतील. बूट सुरुवातीला भाड्याने घ्या. स्वतःचे घेताना पायाला घट्ट बसतील पण वेदना होणार नाहीत, असे बघा.

महाराष्ट्रातून इथे येणाऱ्या मुलामुलींना एक आवर्जून सांगायचंय. हा खेळ आपल्याला परका नाही. गिरिविहारसारख्या संस्थेने प्रस्तरारोहणाची केवढी परंपरा उभी केली, आणि 2016 व 2017 मध्ये बोल्डरिंगचा वर्ल्ड कप नवी मुंबईत झाला. सह्याद्रीत रॉकपॅच चढलेल्याला इथे पायांचा विश्वास आधीच असतो, फक्त ओव्हरहँगची, म्हणजे अंगावर झुकलेल्या भिंतीची, सवय करावी लागते. आणि शेफिल्डमध्ये असाल तर स्टॅनेज एज हा लांबलचक कडा जवळच आहे. लीगमधल्या आमच्या टोळीने एप्रिलमध्ये क्रॅशपॅड, म्हणजे पडायच्या जागी अंथरायच्या जाड गाद्या, पाठीवर घेऊन तिथला प्लांटेशन नावाचा भाग गाठला. आपल्या बेसॉल्टपेक्षा वेगळाच दगड हा, खरखरीत ग्रिटस्टोन. गोलसर, धरायला काही नसलेल्या जागीसुद्धा तळहात नुसता दाबला की चिकटून राहतो, आणि थंडीत तर जास्तच. तिथेही आधी सगळे खाली बसले आणि कोण कुठे पाय ठेवतंय ते एकमेकांना सांगत राहिले.

ऑक्टोबरच्या नव्या मोसमासाठी माझं नाव दिलंय, नवख्यांच्या नाही, वरच्या गटात. कुणाला पहिल्या दिवशी सोबत हवी असेल तर आठवड्यातली मधली संध्याकाळ गाठा, तेव्हा भिंत मोकळी असते.