वेव्ह हिलच्या मालकीचा इतिहास : वाशीतील एका अभ्यासवर्गाविषयी

ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागातील गुरांच्या कुरणांची मालकी कशी बदलत गेली, या विषयावर वाशीतील एका वाचनालयाने दोन रविवारी सशुल्क अभ्यासवर्ग घेतला. माझे घर सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडावर असल्यामुळे ‘मालक’ या शब्दाचे मला आधीपासून कुतूहल आहे, म्हणून मी नाव नोंदवले.

पहिला रविवार थोडा संथ गेला. तरीही नॉर्दर्न टेरिटरीतील वेव्ह हिल या कुरणाच्या निमित्ताने एक गोष्ट वक्त्यांनी नीट उलगडली : अशा कुरणाची जमीन सरकारची असते, धारकाकडे पशुपालनाचा भाडेपट्टा असतो, आणि कुरण ‘विकले’ जाते तेव्हा तो पट्टा, बहुधा गुरांसकट, हस्तांतरित होतो. १८८३ मध्ये नॅट बुकॅनन यांनी हे कुरण वसवले आणि १९१४ मध्ये ते मांसाच्या व्यापारातील ब्रिटिश व्हेस्टी कुटुंबाकडे गेले. वाटलेल्या टिपणात हे सारे फेरफाराच्या नोंदींसारखे क्रमाने मांडले होते.

दुसऱ्या रविवारी मात्र वर्गाने खरी उंची गाठली. २३ ऑगस्ट १९६६ रोजी गुरिंजी या तेथील मूळनिवासी समाजाचे नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यासोबत सुमारे दोनशे गुरिंजी कामगार आणि त्यांचे कुटुंबीय कुरण सोडून निघाले. वरवर तो मजुरीचा संप वाटत होता, पण १९६७ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला तो स्वतःची जमीन परत मिळावी यासाठी, आणि तो फेटाळला गेला. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या हातात माती ओतली, त्याचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असते. मात्र त्या दिवशी मिळाला तो पट्टाच होता, पूर्ण मालकी १९८६ मध्ये आली, हे मला येथेच कळले.

माझी खरी तक्रार टिपणाविषयी आहे, आणि ती शेजारी बसलेल्या एका आगरी गृहस्थांनी माझ्याआधीच मांडली : “१८८३ च्या आधीचा फेरफार कुठे आहे?” त्यांची वडिलोपार्जित शेती नवी मुंबईसाठी संपादित झाली होती. वक्त्यांनी उणीव मान्य केली आणि पुढील अर्धा तास, ठरलेला भाग बाजूला ठेवून, पिढ्यान्‌पिढ्या त्या भूमीवर राहणाऱ्या गुरिंजींविषयी सांगितले.

पुढील वर्गासाठी टिपणाची पहिली ओळ तेथूनच सुरू व्हावी. शुल्क वाजवी आहे; नकाशांवरील अक्षरे बारीक असल्याने पुढची जागा धरावी.