आवाज की व्हिडिओ? फौजी आजोबांच्या आठवणी नोंदवताना

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे कित्येक जवान पहिल्या महायुद्धात लढले. त्यांच्या तोंडून काही ऐकायची वेळ केव्हाच सरली. 1971 चे फौजी मात्र अजून आहेत, सगळे सत्तरीपलीकडचे. म्हणून घाई करा.

मी दोन्ही करून पाहिलंय. व्हिडिओत हात बोलतात. एका आजोबांनी बशी सरकवून नदी दाखवली, काड्यापेटी ठेवून खंदक दाखवला. नुसता आवाज असता तर ‘हे इथं, ते तिथं’ एवढंच उरलं असतं. पण कॅमेरा लावला की माणूस नवी टोपी घालून ताठ बसतो आणि भाषण सुरू होतं. आजी तर पदर सावरत आतच जातात. अन् गावात तारवाला दिसला की छातीत काय व्हायचं, हे त्याच सांगू शकतात.

आवाजाला हा अडसर नाही. आधी परवानगी घ्या, कॉलरला छोटा माईक लावा, पंखा बंद करा. दहा मिनिटांत माईकचा विसर पडतो. कुणी मध्येच गप्प झालं तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका.

साठवणही सोपी: तासाभराची चांगली वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) साधारण 500 एमबी, व्हिडिओला कित्येक जीबी. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत.

माझं मत आवाजाला. पदकं, पत्रं आणि बशीतली नदी यांच्यासाठी दुसऱ्या भेटीत कॅमेरा न्यावा.