बंपर लावायला गेलो आणि फ्रेम चेपली

26 वर्षं कारखान्यातली ड्रॉइंगं वाचली, तरी वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातल्या एका फॅब्रिकेटरने मला साडेअठरा हजारांना टोपी घातली. घरात कोणाला रोबोटचं खूळ असेल तर हे वाचून ठेवा.

मुलीची टीम 2023 च्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनसाठी, म्हणजे शाळकरी पोरांच्या रोबोटच्या स्पर्धेसाठी, रोबोट बांधत होती. नियम जानेवारीत हातात पडतात आणि लगेच धावपळ सुरू होते. त्या वर्षी फ्रेमचा घेर 120 इंचांच्या आत हवा होता आणि बंपर, बॅटरी सोडून वजन 125 पौंडांच्या आत. रोबोटभोवतीचा बंपर म्हणजे तेव्हाच्या नियमात पाऊण इंची प्लायवूडची साधारण 5 इंच उंच पट्टी, तिच्यापुढे पोहायला शिकताना वापरतात तशा फोमच्या दोन नळ्या एकीवर एक, आणि वरून जाड कापड. प्लायला मागून फ्रेमचा आधार लागायचा. पाव इंचाहून खोल फट ठेवायचीच असेल तर ती 8 इंचांपेक्षा रुंद चालत नव्हती. धडका सगळ्या तिथेच बसणार, म्हणून मी 28 बाय 28 ची चौकट काढली. 2 बाय 1 इंचाचा अ‍ॅल्युमिनियमचा बॉक्स पाइप, जाडी एक सूत, म्हणजे 3.2 मिमी.

फॅब्रिकेटर गोड माणूस. ड्रॉइंग बघून म्हणाला, "काका, थई जशे," म्हणजे होऊन जाईल. मग हळूच, "उत्तरायणला कारीगर गावी गेले की आठ दिवस फिरकत नाहीत. आज सत्तर टक्के दिले तर उद्या मशीनवर घेतो." वडोदऱ्यात राहणाऱ्याला हे खरंच वाटतं, कारण पतंगांच्या दिवसांत कोण कामावर असतं? दिले पैसे. बाकीचे माल उचलताना. बिल मागितलं तर चिठ्ठी मिळाली: "अ‍ॅल्यु. फ्रेम, नंग 1." जाडीचा उल्लेख नाही. वर "कलर माझ्याकडून, मफत."

अ‍ॅल्युमिनियमला कलर कशाला, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. टोकांना काळी प्लास्टिकची बुचं ठोकलेली. तीही मला फिनिशिंग वाटली! बाहेरून कॅलिपर लावला, मापं बरोबर आली.

दांडिया बाजारातल्या आमच्या पडवीत पोरं बंपरचे बोल्ट बसवायला लागली. ड्रिल टेकवलं की आरपार. बोल्ट आवळला तर पाइप आत दबला आणि प्लायच्या मागे फट दिसायला लागली. मुलीने बूच उपटलं. भिंत 1.6 मिमी. मग पॉलिशपेपर मारला, तर खालच्या पट्टीत कलरखालून लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली. तुकडे जोडून पट्टी केली होती आणि सांधे लांबीने बुजवले होते.

भाजीच्या काट्यावर दोन मिनिटांत कळलं असतं. 2 बाय 1 चा एक सूत जाडीचा पाइप मीटरला सुमारे 1.2 किलो भरतो, आणि 1.6 मिमीचा फक्त 630 ग्रॅम. बाहेरचं माप दोन्हींचं एकच, म्हणून तर ही लबाडी खपते. फ्रेम घेताना बुचं काढायला लावा, कलर करू देऊ नका, चिठ्ठीवर जाडी लिहून घ्या आणि ड्रॉइंगवर त्याची सही. प्लायही त्याच्याकडूनच घेतला होता. 18 मिमी म्हणून दिलेला कॅलिपरमध्ये 15 भरला. तो मात्र मी मोजलाच नव्हता, त्यात त्याला बोल लावून उपयोग नाही.

परत गेलो तर म्हणाला, "बोलणं 1.6 चंच झालं होतं." आमचं सगळं बोलणं तोंडी. मेसेज एक नाही.

पोरांनी दुसरीकडून कच्चे पाइप आणले, दुकानातच वजन करून, आणि चार रात्री जागून फ्रेम पुन्हा केली. मी तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा त्या माणसाने 3,000 परत केले आणि वर चहा पाजला.