मराठी प्रबंधाची संदर्भसूची: बिबटेक की बिबलाटेक?

लाटेक या टाइपसेटिंग प्रणालीत संदर्भसूची बनवायची दोन साधनं आहेत: जुनं बिबटेक आणि नवं बिबलाटेक. लेख इंग्रजी जर्नलला पाठवायचा असेल आणि त्यांनी स्वतःची बीएसटी फाइल (सूचीची मांडणी ठरवणारी) दिली असेल, तर बिबटेकच वापरा. तिथे मांडणी ठरवणारे तुम्ही नाहीच. वाशी-नेरूळकडच्या इंजिनिअरिंगवाल्यांचा प्रश्न बहुधा इथेच मिटतो.

मराठी प्रबंधाचं तसं नाही. गाइड आज म्हणतील वर्ष कंसात घ्या, उद्या म्हणतील शेवटी न्या.

ओरेन पाताश्निक यांच्या १९८५च्या बिबटेकमध्ये मांडणीचे हे नियम बीएसटी फाइलमध्ये असतात. तिची भाषा उलटी चालते, आधी माल आणि मग क्रिया. मेकबीएसटी हे साधन प्रश्न विचारून ती फाइल बनवून देतं, पण ढीगभर प्रश्नांना उत्तरं देताना जीव मेटाकुटीला येतो. बिबलाटेकमध्ये हेच बदल लाटेकच्या नेहमीच्या आज्ञांनी प्रीअँबलमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या भागात, होतात.

खरा फरक देवनागरीत कळतो. पुस्तकाचं नाव तिरकं छापायची पद्धत रोमनला शोभते. देवनागरीच्या बहुतेक फाँटना तिरका अवतारच नसतो. बिबलाटेकमध्ये मराठी नोंदींना भाषेची खूण करा आणि शीर्षकाच्या फॉरमॅटमध्ये एक अट घाला: मराठी नाव सरळ, अवतरणात, इंग्रजी तिरकं.

अकारविल्हेचंही तेच. बिबटेक बाइट (अक्षरांमागचे संगणकी आकडे) पाहून क्रम लावतं, त्यामुळे ‘काळे’ ‘कावळें’च्या आधी येतात आणि ‘क्षीरसागर’ ‘खरें’च्या आधी जाऊन बसतात. बिबलाटेकसोबत नोंदींचा क्रम लावणाऱ्या बायबर या प्रोग्रामला मराठी लोकेल (भाषेचे क्रमनियम) दिला की ळ, क्ष, ज्ञ ‘ह’नंतर जातात. नावांची आद्याक्षरं मात्र बंदच ठेवा, मराठीत पूर्ण नाव बरं दिसतं. (बिबटेक तर देवनागरी नावाचा पहिला बाइट तोडून कचरा छापतं.)

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, १८९३पासूनच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं सूचीत आली की ‘शके १८४०’ येणारच. ते तारखेच्या नव्हे, वर्षाच्या रकान्यात लिहा. बायबर इशारा देत कुरकुरतं, पण छापतं.

बायबर हळू आहे, आणि काही प्रकाशक बिबलाटेक घेत नाहीत. पुढे प्रबंधातून लेख काढणार असाल तर आधी विचारून घ्या. जुनी बिब फाइल (संदर्भांच्या नोंदींची) साधारण तशीच चालते. नॅटबिब या बिबटेकसोबतच्या जुन्या पॅकेजचा ऑप्शन दिलात तर साइटपी, साइटटी या संदर्भ देण्याच्या आज्ञा बदलायला नकोत. ओव्हरलीफ या ऑनलाइन लाटेक संपादकावर असाल तर कंपायलर तेवढा झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडा, नाहीतर देवनागरी सरळ उमटणार नाही.