सुट्टीच्या संध्याकाळसाठी घेतलेला प्रोजेक्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

हा छोटा एलईडी प्रोजेक्टर घरात आला तो केवळ सुट्टीच्या दिवसासाठी. कामाच्या दिवशी संध्याकाळी कुणाच्यात त्राण उरत नाही. सुट्टीला तरी सगळ्यांनी एका खोलीत बसावं, भिंतभर चित्र असावं, एवढीच अपेक्षा. आता त्याचं नवेपण ओसरलंय, खोडीही कळल्यात, म्हणून सविस्तर लिहितेय.

सर्वांत मोठा फायदा जाहिरातीत कुठेच नव्हता. पूर्वी सुट्टीच्या दिवशी टीव्ही सकाळीच लागायचा आणि कुणी बघो न बघो, रात्रीपर्यंत चालू राहायचा. प्रोजेक्टरला अंधार हवा. दुपारी लावला तर भिंतीवर फिकट डाग दिसतो, त्यात ना चेहरा कळत ना रंग. त्यामुळे ‘संध्याकाळी मोठं लावायचंय’ हे एकदा ठरलं की दिवस आपोआप मोकळा होतो. सकाळी कपाट आवरून होतं, साठलेल्या कपड्यांच्या घड्या होतात, दुपारी आई निवांत लवंडते, मुलं आपापसात खेळतात, भांडतात, परत खेळतात. आणि अंधार पडला की कुणालाही हाक मारावी लागत नाही. घरातले जुने फोटो भिंतीवर बघितले त्या संध्याकाळची तर आई अजून आठवण काढते. हातात धरलेल्या फोटोत कधी न दिसलेला मागच्या ओळीतला चेहरा तिने भिंतीवर ओळखला.

पण ज्यासाठी घेतला, ती सिनेमाची रात्रच सपशेल फसली. बहीण मुलांना घेऊन मुद्दाम आली होती. सिनेमा सगळ्यांना बघायचाच होता, पण त्यातला बराचसा भाग रात्री घडणारा. सुरुवातीलाच चित्र धूसर वाटलं, फोकस कितीही फिरवला तरी कडा सुटतच नव्हत्या. मग ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. अंधारातल्या एका लांबलचक प्रसंगात सगळं करड्या पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. आई दोनदा म्हणाली, “अगं, आत्ता बोललं कोण?” मुलं कधी आतल्या खोलीत निघून गेली कळलंही नाही. अर्ध्यावरच बंद केला. बहिणीने काही बोलून दाखवलं नाही, पण मला फार वाईट वाटलं, कारण सगळ्यांची सुट्टी पुन्हा एकाच दिवशी जुळणं सोपं नसतं.

त्यानंतर एकेक गोष्ट शोधत गेले. त्या रात्री तीन वेगवेगळे दोष एकदम आले होते, आणि खोक्यावर त्यांपैकी एकाचाही उल्लेख नाही.

धूसरपणाचं कारण लेन्स नव्हतं. पॅनेल, म्हणजे आत चित्र तयार करणारा भाग, खरंच १९२० बाय १०८० ठिपक्यांचं, म्हणजे फुल एचडी आहे. पण सिनेमा दाखवणारी अ‍ॅप्स आधी उपकरणाचा परवाना बघतात. अँड्रॉइडवर हे काम वाइडवाइन नावाची सुरक्षाप्रणाली करते. तिची एल१ पातळी असेल तर पूर्ण एचडी मिळतं. एल३ असेल तर अनेक सेवा चित्राच्या ४८० आडव्या ओळींच्या (फुल एचडीत त्या १०८० असतात) पुढे जात नाहीत. या यंत्रात एल३ आहे आणि आधीच भरून दिलेलं अ‍ॅपही मोबाइलसाठीचं. म्हणजे पॅनेल कितीही चांगलं असलं तरी त्याच्यापर्यंत येणारं चित्रच कमी दर्जाचं, आणि ते शंभर इंचांवर ताणलं जातं. ‘फुल एचडी’ लिहून विकणाऱ्याने हे खोक्यावर छापायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. उपाय सोपा निघाला: प्रमाणित स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारं छोटं उपकरण) प्रोजेक्टरच्या एचडीएमआय खाचेत लावली आणि तोच सिनेमा, तीच भिंत, पण केसांची बट न् बट दिसायला लागली.

आवाज मागे पडत होता तो ब्लूटूथ स्पीकरमुळे. ब्लूटूथवर आवाज आधी आकुंचित होतो, पाठवला जातो, मग उलगडतो; साध्या पद्धतीत यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, म्हणजे एक चौकट साधारण ४२ मिलिसेकंदांची. आवाज चार-पाच चौकटी मागे! आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की माणसाला ते जाणवतं. मागे पडलेला आवाज आपण जास्त चालवून घेतो, कारण एरवीही प्रकाश आधी पोचतो आणि आवाज नंतर. पण इथे तीही मर्यादा ओलांडली जात होती. आता स्पीकर वायरने जोडलाय. वायर भिंतीच्या कडेने न्यावी लागली, दिसायला बरी नाही, पण ओठ आणि शब्द जुळले. शिवाय स्टिकमध्ये आवाजाचं आउटपुट ‘स्टिरिओ’ केल्यावर संवाद जास्त स्वच्छ ऐकू येतात.

तिसरा दोष मात्र सुटत नाही. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळा म्हणजे भिंतीवर न पडलेला प्रकाश. पॅनेलमधून थोडा प्रकाश गळतोच, त्यात पॅसेजमधला दिवा आणि पांढरी भिंत, की काळ्याचं करडं होतं. रुंद चौकटीचा, म्हणजे उंचीच्या २.३९ पट रुंद सिनेमा असला तर उंचीचा पाव भाग वर-खाली रिकामा जातो, आणि त्या पट्ट्याही करड्याच दिसतात. जाड पडदा, पॅसेजचा दिवा बंद आणि चित्र ऐंशी इंचांवर आणलं, तर बरंच सुधारतं. चित्र लहान केलं की तोच प्रकाश कमी जागेत पडतो, साहजिकच उजळ दिसतो. तरीही अंधाऱ्या, गूढ सिनेमांसाठी मी हे यंत्र कुणाला सुचवणार नाही. सामना, माहितीपट, मुलांची अ‍ॅनिमेशन, उन्हातली दृश्यं यांना ते छान न्याय देतं.

घेण्याआधी भिंतीपासूनचं अंतर नक्की मोजा. थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शंभर इंची, म्हणजे सुमारे २.२ मीटर रुंद चित्रासाठी यंत्र जवळपास २.६५ मीटर लांब ठेवावं लागतं. यंत्र तिरकं ठेवून कीस्टोनने, म्हणजे वाकडं चित्र चौकोनी करणाऱ्या सोयीने, चित्र सरळ होतं खरं, पण त्यात पॅनेलचा काही भाग वाया जातो. उजेडाचा आकडा वाचताना फक्त आन्सी ल्यूमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड बघा. तो पडद्यावरच्या नऊ ठिकाणी मोजून काढलेली सरासरी वापरतो. नुसते ‘ल्यूमेन’ म्हणून छापलेले हजारांचे आकडे मनावर घेऊ नका.

दिव्याचं आयुष्य ३०,००० तास लिहिलंय. आठवड्याला चार तास धरले तर ते शंभर वर्षांच्याही पुढे जातं, तेव्हा काळजी दिव्याची नाही, धुळीची करा. या यंत्राचा आतला भाग सीलबंद नाही, पंखा हवेबरोबर धूळही ओढतो. गेल्या महिन्यापासून अंधाऱ्या दृश्यात डाव्या कोपऱ्यात एक पुसट ठिपका दिसतो. सेवाकेंद्राने धूळ वॉरंटीत येत नाही असं सांगितलं, आणि हे मला अजिबात पटलेलं नाही; यंत्राची रचनाच उघडी असेल तर धूळ हा ग्राहकाचा दोष कसा? लेखी तक्रार दिली आहे. तोवर सिनेमा संपला की पंखा पूर्ण थांबू देते, मगच लेन्सवर टोपी आणि वर सुती कापड टाकते. ठिपका अजून तरी वाढलेला नाही.