ऑल-टेरेन टायर, दोन हिवाळे, ३८,००० किमी: नक्षी शिल्लक, चिरा संपल्या

गेल्या आठवड्यात टायरवाल्याशी माझं चांगलंच वाजलं, म्हणून आजच लिहायला बसलो. एरवी तिसरा हिवाळा काढूनच लिहिणार होतो. टायरची नक्षी अजून ७ मिमी शिल्लक आहे, त्यामुळे तो म्हणतो टायर उत्तम आहेत. आणि माझी गाडी बर्फाच्या उतारावर थांबत नाही.

कंपनीचं नाव देत नाही, कारण ज्या दोषाबद्दल लिहितोय (नक्षीच्या ठोकळ्यांवरच्या, बर्फात पकड देणाऱ्या बारीक चिरा नक्षीच्या खूप आधी घासून जातात) तो या वर्गातल्या बऱ्याच टायरांत आहे. पिकअप ट्रक आहे, आठवडाभर हायवे, सुटीच्या दिवशी कच्चा रस्ता, अधूनमधून मागे ट्रेलर. दोन सेट घ्यायचे, एक कुठेतरी रचून ठेवायचा, वर्षातून दोनदा बदलायचे, हा खर्च मला नको होता. एकच सेट बारा महिने चालवायचा, एवढ्यासाठी हे ऑल-टेरेन, म्हणजे पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे टायर घेतले.

घेताना एक काळजी घेतली होती. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले टायर घेतले नाहीत. ती अक्षरं नक्षीच्या ठेवणीवरून छापली जातात, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह मात्र चाचणीतून मिळतं. म्हणूनच जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस हिवाळी टायर म्हणून चालत नाही, आणि कॅनडातल्या क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या हिवाळी टायरच्या सक्तीच्या काळात बिनखिळ्यांच्या टायरवर हिमकणाचंच चिन्ह लागतं. ते चिन्ह माझ्या टायरवर आहे, आणि ते पाहून मी निर्धास्त झालो होतो.

पहिला हिवाळा खरोखर सुखाचा गेला. रात्रभर पडलेल्या भुसभुशीत बर्फातून पहाटे गाडी काढली आणि ती रुळावरून जावी तशी गेली. मी रुंद ऐवजी २६५ मिमी रुंदीचं माप घेतलं होतं, त्याचाही फायदा झाला. अरुंद टायर बर्फ कापत खाली टेकतो, रुंद टायर वर तरंगायला बघतो. खाचांमध्ये बर्फ गच्च बसलेला पाहून टायर चोंदला असं वाटतं, पण तो बसलेला बर्फच खालच्या बर्फाला धरतो. त्या वर्षी विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच टायर घ्या म्हणून सांगितलं. ते आता मागे घ्यावं लागतंय.

आधी हवेचं सांगतो, कारण पहिले तीन महिने त्यात गेले. टायर लोड रेंज ई, म्हणजे जास्त वजन पेलणारे, जुन्या भाषेत दहा प्लायचे (थरांचे). बसवणाऱ्याने बाजूवर छापलेला ८० पीएसआयचा आकडा वाचला आणि जवळपास तेवढीच हवा भरून दिली. तो आकडा पूर्ण वजन लादलेल्या टायरसाठी असतो, रिकाम्या हौद्याच्या गाडीसाठी नाही. गाडी प्रत्येक सांध्यावर उडायची आणि टायर मधोमध घासू लागला. मग मी उलट टोकाला गेलो आणि दारावरच्या पट्टीवरचे ३५ भरले. तेही चुकलं. ती पट्टी गाडीबरोबर आलेल्या साध्या टायरसाठी होती, आणि तेवढंच वजन पेलायला माझ्यासारख्या एलटी (लाइट ट्रक) टायरला जास्त हवा लागते. शेवटी त्या मापाचा वजन आणि हवेचा तक्ता शोधला आणि टायरवर आडवी खडूची रेघ मारून सरळ रस्त्यावर थोडं चालवून पाहिलं. रेघ सगळीकडे सारखी पुसली जाईल तिथे थांबलो: पुढे ४५, मागे ४२. हा आकडा माझ्या गाडीचा आहे, तुम्ही तुमचा तक्ता बघा. आणि हवा बाहेरच्या थंडीत तपासा. तापमान साधारण ५-६ अंश सेल्सियसने उतरलं की एक पीएसआय जातो. उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे १५ च्या सकाळी पाच-सहा पीएसआयने कमी भरते.

हायवेवरच्या आवाजाबद्दल माझं मत दोनदा बदललं. सुरुवातीला ९० च्या पुढे जो घोंघाव यायचा त्याने डोकं उठायचं. हवा जुळल्यावर तो इतका कमी झाला की टायरला उगाच दोष दिला असं वाटलं. मग २०,००० किमीच्या सुमाराला तो परत आला, या वेळी लयीत, बेअरिंग गेल्यासारखा. टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागत होतं. ठोकळ्यांची एक कड झिजली होती. रोटेशन, म्हणजे टायरांची चाकं आपसात बदलणं, मी १२,००० किमीवर ढकललं होतं, ही चूक माझी. आता ८,००० ला न चुकता करतो. झालेली झीज मात्र भरून येत नाही. डिझेलही पहिल्यापेक्षा जास्त लागतं. टायर वजनाला जड आहे आणि रस्त्यावर ओढतो, हे धरूनच चालावं.

आता चिरांचं. ठोकळ्यांवर ज्या बारीक चिरा असतात त्यांना साइप म्हणतात. जॉन साइप नावाच्या माणसाने १९२३ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं, त्यावरून हे नाव पडलं. दाबलेल्या बर्फावर आणि ओल्या थंड रस्त्यावर पकड मोठ्या खाचांपेक्षा या चिरांच्या कडांवर जास्त अवलंबून असते. माझे टायर नवे असताना नक्षी १३ मिमी खोल होती आणि चिरा दाट होत्या. दुसऱ्या हिवाळ्यात एका चढावरून उतरताना चौकाच्या बऱ्याच आधी ब्रेक दाबला, एबीएस खडखडत राहिलं आणि गाडी थांबण्याच्या रेघेपुढे जाऊन उभी राहिली. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. घरी येऊन टायरजवळ उकिडवा बसलो. खाचा छान खोल, पण ठोकळ्यांवर चिरांच्या जागी नुसते पुसट ओरखडे! त्या चिरा मुळात तळापर्यंत कापलेल्याच नव्हत्या. सहा मिमी घासल्यावर नक्षी अर्ध्याहून थोडी जास्त उरली आणि चिरा गेल्या. स्टेपनीचा टायर याच सेटमधला, कधी न लावलेला. त्याच्या चिरांत खोलीचा गेज घातला, बहुतेक ठिकाणी सहा मिमीला टेकला.

हेच घेऊन टायरवाल्याकडे गेलो. त्याने गेज लावला, ७ मिमी वाचून दाखवले आणि ८०,००० किमीच्या वॉरंटीचा कागद पुढे केला. त्या वॉरंटीत टायर १.६ मिमीवर आला तरच तो घासलेला धरतात. मी चिरा दाखवल्या. तो म्हणाला, "साहेब, हिमकणाचं चिन्ह अजून आहे ना टायरवर?" मला राग आला तो याचा. ते चिन्ह साच्यातून आलंय, टायर टकला झाला तरी बाजूवर राहणारच. चाचणी नव्या टायरची झाली होती. वर त्याने रोटेशनच्या नोंदी मागितल्या आणि त्याच्याच कॉम्प्युटरवर त्या सापडल्या नाहीत. दोन पावत्या माझ्याकडे निघाल्या तेव्हा सूर बदलला, पण पैशाचं उत्तर नाहीच राहिलं. कागदाप्रमाणे त्याचं बरोबर आहे, हे मला मान्य करावं लागलं. मी किलोमीटर विकत घेतले होते, हिवाळे नाही. बर्फातलं काम निम्म्यात संपतं हे विकताना सांगायला काय हरकत होती? बऱ्याच हिवाळी टायरांवर ४ मिमीच्या आसपास एक वेगळी खूण असते, तिथे आल्यावर तो बर्फात वापरू नये एवढं तरी ती सांगते. माझ्या टायरवर फक्त १.६ ची खूण आहे.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. उत्तर अमेरिकेत हिमकणाच्या चिन्हासाठी दाबलेल्या बर्फावर टायर पुढे किती जोर लावतो ते मोजतात आणि ठरलेल्या संदर्भ-टायरशी ताडून पाहतात. काचेसारख्या बर्फावरचं थांबणं आणि वळणं त्यात येत नाही. शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पापुद्रा असतो तेव्हा तर माझे टायर नवे असतानाही घाबरवायचे. फोर व्हीलमुळे गाडी निघते सहज, आणि निघते म्हणून आपण वेगात जातो. थांबवायला मात्र तेच चार टायर असतात.

मग कागदावर हिशोब मांडला आणि माझ्याच काटकसरीचं गणित चुकलेलं सापडलं. दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च असं मी धरून बसलो होतो. पण हिवाळी टायर चार-पाच महिने चालले तर तेवढे महिने ऑल-टेरेन घासत नाहीत. रबर फार जुनं होऊ दिलं नाही तर दोन्ही सेट पूर्ण वापरूनच संपतात. वरचा खर्च फक्त रिमचा आणि बदलण्याचा, आणि रिमवर चढवून ठेवले तर बदलणं घरी जॅक लावूनही होतं. हे गणित दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर तो चौक टळला असता.

काल दुसऱ्या दुकानात गेलो, खिशात गेज घेऊन. आधी एक नवा ऑल-टेरेन पाहिला, चिरा ५ मिमी. शेजारच्याच्या खांद्यावरच्या चिरा खोल, मधल्या उथळ. मग बिनखिळ्यांचा हिवाळी टायर पाहिला, माप २४५, वजनाला पुरेल असा लोड इंडेक्स बघून. त्यात गेज जवळजवळ खाचेच्या तळापर्यंत उतरला. तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचले, यंदाचाच माल होता. लोखंडी रिमवर चार सांगून आलो. सोमवारी बसवतो. शंभर किमी झाले की नट पुन्हा आवळायचे आहेत, ऑल-टेरेन धुऊन आडवे रचायचे आहेत, आणि कुठला टायर कुठल्या चाकाचा ते खडूने लिहून ठेवायचं आहे.