ऑनलाइन गाय घेताय? आधी आमच्या घरी काय झालं ते वाचा

नाताळाला वसईत घरोघरी येशूजन्माचा गोठा करतात. कागदाचे डोंगर, नाचणी पेरून उगवलेली हिरवळ, मातीची गुरं. आमच्या वाडीत केळी आणि पानवेलीच्या कडेला खरा गोठाही आहे. मध्यरात्रीच्या मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आल्यावर बाबा आधी तिथे जायचे, गाईला केळं भरवायचे, मगच घरात सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. शेवटची गाय म्हातारी होऊन गेली, तेव्हापासून तिथे बकऱ्या, बदकं आणि कोंबड्याच उरल्या. यंदा बहीण मुलांना घेऊन कॅनडाहून येणार होती. बाबांसाठी आणि पोरांसाठी नाताळाआधी गाय आणायचीच, असं थोरल्या भावाने मनावर घेतलं.

फेसबुकवर त्याला जुनागढकडच्या एका गोशाळेचं पान आणि त्यावर एका गाईचा व्हिडिओ दिसला. दुसऱ्या वेताची (दुसऱ्यांदा व्यालेली) गीर गाय, दोन वेळचं मिळून १२ लिटर दूध, किंमत ४८ हजार, घरपोच. एवढं दूध देणारी चांगली गीर या भावात मिळत नाही, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. पण समोरचा माणूस फार गोड बोलायचा. 'दादा, तुमचा सण आहे, म्हणून कमी केलं.' त्याने आधार कार्डाचा फोटो पाठवला, गोशाळेचा पाठवला, आणि आणखी एक व्हिडिओ, ज्यात गाईच्या गळ्यात पाटी आणि पाटीवर आमच्या बाबांचं नाव. तो व्हिडिओ बघून बाबांचे डोळे भरून आले. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच.

बुकिंगचे ५,१०० गेले. मग टेम्पोभाडं ८,५००. ते दिल्यावर ड्रायव्हरचा फोन, मागे गाड्यांचे आवाज: गाडी चेकपोस्टवर अडवली आहे, आरोग्य दाखल्याचे ११,९९९ भरा, गाय उतरली की परत मिळतील. मग विम्याचे १४,५००, तेही 'परत मिळणारे'. एकूण ४०,०९९ रुपये. गाईच्या किमतीचे पैसे त्यांनी एकदाही मागितले नाहीत. ते गाय बघून द्यायचे होते ना, त्यामुळे भावाला व्यवहार सुरक्षित वाटत राहिला. या चोरीची सगळी रचनाच अशी आहे. पहिली रक्कम लहान असते आणि पुढची प्रत्येक रक्कम आधीची वाचवण्यासाठी भरली जाते. कितीही पटेल असं कारण सांगितलं, तरी दुसरी रक्कम पाठवू नका. पहिली गेली तर जाऊ द्या.

२३ तारखेच्या संध्याकाळी दोन्ही फोन बंद झाले. भावाला कळून चुकलं, पण घर माणसांनी भरलेलं, चुलीवर इंद्याल, पोरं गोठा झाडून गवत पसरून बसलेली. सणात कुणाचं तोंड कडू नको म्हणून तो गप्प राहिला. नाताळ उलटल्यावर मला सांगितलं. चोरांना नेमकं हेच हवं असतं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममधून बाहेर पडायला फार वेळ लागत नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक यासाठीच आहे. ताबडतोब फोन केला तर पैसे वाटेतच अडवता येतात. सण असो, रात्र असो, थांबू नका. बँकेच्या मेसेजमधला यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक, रक्कम, तारीख आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. चॅट पुसू नका. आमच्या उशिरा केलेल्या तक्रारीतून शेवटच्या रकमेतले जेमतेम ६ हजार एका खात्यात थांबवले गेले. पिन भावाने स्वतःच टाकला होता, त्यामुळे बँकेने हात वर केले.

नंतर मी ते व्हिडिओ शांतपणे बघितले. पहिल्यात गाईच्या डाव्या कानात पिवळा बिल्ला आहे. पाटीवाल्या व्हिडिओत दोन्ही कान मोकळे. म्हणजे दोन वेगळ्या गाई! या बिल्ल्यावर १२ आकडी क्रमांक असतो आणि त्यावर त्या जनावराची सरकारी नोंद असते. विकणाऱ्याकडे तो आकडा मागा आणि आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. वाहतुकीसाठी लागणारा आरोग्य दाखला जनावर तपासून, गाडीत चढवण्याआधी घ्यायचा असतो. तो चेकपोस्टवर फोनवरून पैसे भरून मिळत नाही. आणि दुभतं जनावर समोर पिळून बघितल्याशिवाय घेऊच नये. आमचे आजोबा दोन्ही वेळचं दूध काढून बघायचे, सड चाचपायचे, दात मोजायचे, तेव्हा कुठे सौद्याला बसायचे.

भावाला घरात कुणी बोललं नाही, आणि कुणी बोलूही नये. जो बापाच्या आनंदासाठी धडपडतो, त्यालाच हे लोक गाठतात.

तो पहिला व्हिडिओ, त्याच बिल्ल्याची गाय, मला परवा पुन्हा दिसली. पानाचं नाव बदललंय, गोशाळा आता राजकोटजवळ आहे म्हणे, आणि खाली लिहिलंय: संक्रांतीपर्यंत घरपोच, बुकिंग फक्त ५,१००.